कुठली हलगी?

सटुप्पा घाडी फोनवर एवढंच बोलला,
‘हलगीला या. शाळेपुढं मांडव. शुक्रवारी चारपर्यंत.’
आणि मी, वडगावचा मांडववाला,
तीस वर्षं खांब रोवत आलेला,
विचारलंच नाही, कुठली हलगी.

टेम्पोत बावन्न बांबू, शंभर खुर्च्या, दोन कढया, एक भोंगा,
आणि वर ताडपत्रीवर झोपलेला मोनाप्पा.
सुळेभावी गेली, नेसरगी गेली,
भात संपून जोंधळा लागला,
माती तांबडी होती ती काळी झाली,
तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.
गावाच्या तोंडाशी दगडावर नाव होतंच.
नाव बरोबर असलं की माणूस मातीकडं बघत नाही.

पहिला खांब रोवला
तेव्हा निंगव्वा आली, हातात शेंगांचं सूप.
‘यार मदवी?’
म्हटलं, घाडींच्या पोरीचं लग्न.
ती हसली नाही. एक शेंग फोडली.
‘ते खानापूरकडचं. डोंगरातलं. हे आमचं.’
तिची मराठी माझ्या कन्नडइतकीच मोडकी,
तेवढ्यावर आमचं भागलं.

चुकून आलेले सगळे तिला पाठ होते.
जनावरांचा एक डॉक्टर,
आलाच आहे म्हणून इथल्या म्हशीला सुई देऊन गेला.
पोरगी बघायला आलेले सात जण, उप्पीट खाऊन परतलेले.
एक मास्तर, त्यानं दोन महिने पाढे शिकवले,
मग वरून कागद आला, तुमची हलगी ही नव्हे.

‘आणि एक मेलेला,’ ती म्हणाली.
‘रात्री दोनला गाडी आली बेळगावच्या दवाखान्यातनं.
संगट कोण न्हाई, घरची माणसं म्होरं गेलेली, त्यांच्या गावाला.
ड्रायव्हरनं उतरवला नि गेला, त्येला दुसरी खेप होती.
आमी त्वांड बगितलं. आमचा न्हवं.’

मग?

‘मग काय. उघड्यावर कसा ठेवायचा?
कट्ट्यावर घोंगडं घातलं, दिवा लावला.
बायका बसल्या. बसून बसून एक रडाय लागली,
मग सगळ्याच.
त्येचं नाव कुणाला ठावं?
गावाचंच नाव घिऊन रडलो.’

सकाळी डोंगरातली माणसं धावत आली.
बघितलं, डोक्याशी जोंधळ्याची रास, कपाळाला भंडारा.
काही बोलली नाहीत.
त्या सुगीपासून तांदळाचं एक पोतं येतं दर साली,
चिठ्ठी नाही, नाव नाही,
पोत्यावर निळ्या शाईत फक्त: हलगी.

पोरांनी भोंगा वाजवायला लावला.
जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही.
मोनाप्पा म्हणाला, हलगी म्हणजे वाजवायची हलगी.
निंगव्वा म्हणाली, छे, हलगे म्हणजे फळी, लाकडाची.
चंदगडात तिसरी आहे म्हणे,
तिथल्यांना कारणच माहीत नाही
आणि त्यांचं काही अडलेलंही नाही.

डोंगरातल्या हलगीला पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा.
सटुप्पानं मला, माझ्या टेम्पोला, माझ्या बापाला
एकेक करून शिव्या घातल्या.
मग दम घ्यायला थांबला.
‘जेवलास काय?’
‘व्हय. रोट्टी, शेंगाची चटणी. हुग्गी पण.’
‘कुठं?’
सांगितलं.
तो काही बोलला नाही.
खाली वाकला, दोरीचं एक टोक उचललं,
नि मध्यरात्र उलटेपर्यंत गाठी मारत राहिला माझ्याबरोबर,
लग्नाच्या घरचा धनी.

बांबू मोजले तर एक्कावन्न.
पहिला खांब तिकडंच राहिला, शाळेपुढं.
आणायला गेलो नाही. बिलातही धरला नाही.

आता त्या नावाचा फोन आला की मी आधी विचारतो,
कुठली हलगी?
आणि पलीकडचा माणूस, कुठलाही असो,
जरा चिडूनच म्हणतो,
‘कुठली म्हंजे? आपली की ओ.’